सॉव्हरिन हिल, बॅलरॅट: खाणवस्तीतलं बालपण कळण्यासाठी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातलं हे खुलं संग्रहालय 1970 साली सुरू झालं. 1851 नंतर सोनं शोधायला लोकांची जी झुंबड उडाली, त्या काळातली वस्ती इथे उभी केली आहे. मुलांना आणायचं तर ओढ्याकाठी सोनं गाळण्यासाठी निवांत वेळ राखून ठेवा, कारण घाईत हाती फक्त वाळू लागते.

थाळी ओढ्यातल्या वाळू-मातीने एक तृतीयांश भरा, पाण्यात बुडवा आणि चिकणमातीची ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा. इथेच बहुतेक मुलं चुकतात. न फुटलेलं ढेकूळ सोन्याचे कण पोटात घेऊन वाहून जातं. मग थाळी आडवी हलवा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, ते तळाशी बसतं. आता थाळी थोडी कलती करून वरची वाळू हळूहळू धुवा. हाताला सनक्रीम असेल तर आधी साबणाने काढा, तेलकट पाण्यात बारीक कण तरंगून निसटतात.

शाळांच्या गटांसाठीचा, त्या काळच्या शाळेसारखा दोन दिवसांचा वर्ग मात्र सर्वांत मोलाचा आहे. त्या काळचे कपडे, टाक, दौत आणि करडी शिस्त! टाक जास्त दाबला की शाईचे डाग पडतात.

एक उणीव जाणवते. पाणी आणणं, सरपण गोळा करणं, हगवण, उघड्या खड्ड्यांची भीती, हे त्या मुलांचं रोजचं जगणं नीटनेटक्या रस्त्यांवर फिरताना पुरेसं पोचत नाही. ते आधी घरी सांगून ठेवा.