फोर्टमधला बायकांच्या मतदानाचा वॉक: मस्त आहे, पण टॉयलेटचं आधी बघा

रविवारी आईला घेऊन गेले होते, माणशी ५०० रुपये, वेळ सकाळी ७ ची, फ्लोरा फाउंटनजवळ निघाला मात्र साडेसातला कारण गाईडचा माइक चार्जच केला नव्हता आणि वर चाळीसेक माणसं, मागच्यांना काय डोंबल ऐकू येणार. मी जाम वैतागले होते. पण पोरगी बोलायला लागली आणि राग गेला.

१९१९ साली हेराबाई टाटा आणि त्यांची २१ वर्षांची मुलगी मिठन, मायलेकी बोटीने लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या कमिटीपुढे साक्ष द्यायला, की आमच्याकडच्या बायकांनाही मत हवं. पार्लमेंटने काय केलं, तर ज्या त्या प्रांताने ठरवा म्हणून हात झटकले. मुंबई इलाख्यात मिळालं १९२१ ला, तेही मालमत्ता, कर वगैरे बघून. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या चाळीत कुणाला मिळालं नसणार."

मिठनबाई तिकडेच बॅरिस्टर झाल्या आणि येऊन मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. हे गाईडने ओव्हलवर उभं करून सांगितलं, समोर हायकोर्ट, बाजूने क्रिकेटवाल्यांचे बॉल येतायत. मग म्हणाली वर बघा, छपरावर न्याय आणि दया, दोघी बायका. शेजारचा राजाबाई टॉवर एका शेठच्या आईच्या नावाचा, मघाशी कारंज्यावर फ्लोरा देवी. दगडी बायका भरपूर हो! आईने विचारलं, "आणि त्या मायलेकी कुठायत?" पोरीने फाइलमधून लॅमिनेट केलेला फोटो काढला, प्लास्टिकचा एक कोपरा सुटलेला, म्हणाली "ह्या काय, माझ्याकडे." तो हातोहात फिरला. आईने चष्मा पदराला पुसून इतका वेळ बघितला की मागच्या काकू म्हणाल्या, अहो द्या की पुढे.

आता तक्रार. बायकांच्या हक्कावरचा वॉक आणि दोन तासांत वाटेवर जे एक लेडीज टॉयलेट लागलं त्याला कुलूप, जेन्ट्सचं सताड उघडं. गाईड म्हणे ते आमच्या हातात नाही. अगं नसेल, पण रूट तुम्हीच ठरवलाय ना, आदल्या दिवशी एक चक्कर मारायची.

५ पैकी ४ स्टार. आईला, सासूला घेऊन नक्की जा, पुढे गाईडच्या जवळ उभ्या राहा, आणि ट्रेनने येत असाल तर चर्चगेट स्टेशनातच जाऊन घ्या.