एअर सस्पेंशनच्या नळ्यांसाठी ट्यूब कटर: घ्यावा का?

नक्की घ्यावा. एअर सस्पेंशनमधली हवा उतरायला लागली की संशय आधी बलूनवर (गाडीचा भार पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशवीवर) जातो. नव्याने बसवलेल्या सिस्टीममध्ये मात्र गळती बऱ्याचदा पुश-इन फिटिंगपाशी (नळी नुसती आत ढकलून बसवायच्या जोडापाशी) निघते, आणि मूळ असतं नळीच्या वाकड्या किंवा चेपलेल्या टोकात.

फिटिंगमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बसते, म्हणून हवा अडते. साइड कटरने कापलं की नायलॉनची नळी लंबगोल होते. हॅक्सॉने कापलं तर खरबरीत कड ओ-रिंगला चरे पाडते आणि भुसा पार व्हॉल्व्हपर्यंत जातो. ट्यूब कटरमध्ये नळी व्ही आकाराच्या खाचेत बसते आणि पातळ पातं ती एका दाबात काटकोनात कापतं. 6 ते 12 मिमीच्या नायलॉन किंवा पॉलियुरेथेन नळीवर काम एकदम चोख. जाळीच्या रबरी होजवर तो चालवू नका, धार जाईल. घेताना पातं बदलता येतं ना, एवढं आवर्जून बघा. बोथट पातं नळी कापण्याआधी चेपतं, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

कापून झाल्यावर फिटिंगची खोली नळीवर मार्करने आखा, खुणेपर्यंत ढकला आणि ओढून बघा. ढकलताना दोन टप्पे लागतात: आधी कॉलेट (नळी दातांनी पकडून ठेवणारा भाग), मग ओ-रिंग. पहिल्यावरच थांबलात तर नळी हाताला पक्की लागते, पण हवा सुटत राहते. फिटिंगमधून बाहेर पडताच नळीला वळण देऊ नका. ओ-रिंगवर एका बाजूने ताण येतो. नळी काढून परत बसवायची असेल तर कॉलेटच्या दातांनी ओरखडलेलं टोक कापून टाका. त्यासाठी नळी पहिल्यापासून थोडी जास्तच ठेवलेली बरी.

आट्यांमधली गळती मात्र कटरच्या हातात नाही. तिथे पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, फिटिंग आवळण्याच्या दिशेने. टेपचे तुकडे सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतात, त्यामुळे व्हॉल्व्हजवळ द्रव सीलंटच वापरा आणि तो सुकेपर्यंत हवा भरू नका.

शेवटी पूर्ण दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. रात्रीतून काटा जरा उतरला म्हणून लगेच फिटिंग उघडू नका: टाकीतली हवा 30 अंशांवरून 20 अंशांवर आली तर 120 पीएसआयचे साधारण 116 होतात, गळती नसतानाही. त्याहून खाली गेला तरच शोधायला लागा.