सोनी ए सेव्हन फोर: लग्नाच्या कामासाठी ऑटोफोकस कसा लावावा

२०२१ साली आलेला हा ३३ मेगापिक्सेलचा कॅमेरा लग्नाच्या कामाला अजूनही उत्तम आहे, मात्र खोक्यातून काढून तसाच वापरला तर तो दगा देतो. फोकस शोधणारे ७५९ बिंदू (फेज डिटेक्ट पॉइंट) जवळजवळ सगळी फ्रेम व्यापतात आणि डोळा पकडायला तो क्षणही लावत नाही. घोळ होतो तो कोणाचा डोळा पकडायचा यात. फोकसचा एरिया, म्हणजे फ्रेममधला फोकस शोधायचा भाग, 'वाइड' ठेवला की गर्दीत कॅमेरा पुष्कळदा जवळचा, मोठा चेहरा धरतो, आणि नवरी मागे धूसर राहते.

म्हणून फोकस मोड एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा) आणि एरिया 'ट्रॅकिंग: स्पॉट', आकार एस किंवा एम. चौकोन नवरीच्या चेहऱ्यावर ठेवून शटर अर्धे दाबा, पुढे डोळा तो स्वतः सांभाळतो. मेन्यूत आठ चेहरे नोंदवता येतात. नवरा-नवरीचे चेहरे तयारी पूर्ण झाल्यावर, समोरून आणि सारख्या उजेडात नोंदवा, कारण मेकअपनंतर चेहरा बराच बदलतो. आधीच्या लग्नातले चेहरे तेवढे पुसायला विसरू नका. चेहऱ्यावर पातळ कापड आले की ओळख डळमळते, तिथे ट्रॅकिंग नसलेला साधा छोटा स्पॉटच बरा.

ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे फोकस किती चटकन दुसऱ्यावर जातो ते, मुळात ३ वर असते. जोडपे चालत येताना ती २ करा, म्हणजे मधून कोणी आडवे गेले तरी फोकस त्याच्यावर उडी मारत नाही. नाचताना ३ किंवा ४ ठीक. एफ/१.४ किंवा एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडून, काम करणार असाल तर एएफ-सीची प्रायॉरिटी 'बॅलन्स्ड' वरून 'एएफ' वर न्या. एखादी फ्रेम कमी मिळेल, पण पापणीऐवजी कानावर फोकस गेलेल्या फ्रेम कमी होतील.

खरा कस अंधारात लागतो. उणे चार ईव्हीपर्यंतच्या (ईव्ही म्हणजे उजेडाचे माप) अंधारात फोकस होण्याचा दावा एफ/२ लेन्सचा आहे, आणि इथेच बरेच जण फसतात: फ्लॅश लावून एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवले की कॅमेरा फोकस करतानाही छिद्र लहानच ठेवतो. सेन्सरवर उजेड कमी पडतो आणि फोकस पुढे-मागे शोधत बसतो. 'अपर्चर ड्राइव्ह इन एएफ' हे 'फोकस प्रायॉरिटी' वर ठेवा, म्हणजे जमेल त्या लेन्सवर छिद्र उघडून फोकस होईल. पाती हलण्याचा आवाज येतो, तो चालवून घ्यावा. फ्लॅशच्या कामात 'सेटिंग इफेक्ट' (एक्स्पोजरचा परिणाम आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो. एएफचा मदतनीस दिवा एएफ-सीमध्ये लागतच नाही, त्यामुळे स्थिर बसलेल्या माणसासाठी एएफ-एस (एकदाच फोकस करून थांबणारा मोड) वापरा.

सायलेंट (आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र आम्ही सुचवणार नाही. सेन्सर सावकाश वाचला जातो, एलईडी दिव्यांत आडवे पट्टे उमटतात आणि फ्लॅशही चालत नाही. सेकंदाला १० फ्रेम हव्या असतील तर रॉ (कच्ची फाइल) कॉम्प्रेस्ड प्रकारची निवडावी लागते, लॉसलेस (दर्जा न गमावता आकुंचित) रॉवर वेग साधारण ६ वर येतो.

तीन रांगांच्या ग्रुप फोटोत डोळ्याचा फोकस बंद ठेवा, तो एकाकडून दुसऱ्याकडे भटकतो. एएफ-एसमध्ये छोटा स्पॉट पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यापेक्षा मधल्या रांगेतल्या चेहऱ्यावर ठेवा, छिद्र एफ/८.