कार्ड मुख्य खात्यालाच ठेवावं की त्यासाठी दुसरं खातं काढावं?

पगार जिथे जमा होतो, घराचा हप्ता जिथून कापला जातो, त्याच बचत खात्याचं डेबिट कार्ड पाकिटात घालून फिरायचं, हा एक प्रकार. दुसऱ्या बँकेत छोटं बचत खातं काढायचं, महिन्याच्या खर्चापुरते पैसे तिकडे टाकायचे आणि कार्ड फक्त त्याच खात्याचं वापरायचं, हा दुसरा. मी पहिल्या प्रकारात बारा वर्षं काढली, दुसऱ्यात आता तीन झाली.

पहिल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. एकच पासबुक, एकच पिन, एकच मिनिमम बॅलन्स. कार्डाचा वार्षिक आकार आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी एकदाच भरायचा. शिवाय सुरक्षिततेच्या नावाखाली दुसरं खातं काढा असं कोणी सांगत असेल तर तेही अर्धंच खरं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड येतं तेच फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालणारं. ऑनलाइन, परदेशातला आणि नुसतं टेकवून होणारा व्यवहार आपण चालू केला तरच चालू होतो. अॅपमधून कार्ड बंद करता येतं, मर्यादा कमी करता येते. म्हणजे शिस्तीचा माणूस एकाच खात्यातही सुखाने राहू शकतो.

आमच्या अण्णांना मी एकच खातं ठेवायला लावलं आहे. पेन्शन येते, महिन्यातून दोनदा काढतात, संपलं. मध्ये हौसेने त्यांना दुसरं कार्ड काढून दिलं, तर दोन्ही पिन गोंधळायला नकोत म्हणून त्यांनी ते कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावरच लिहून ठेवले. बॉलपेनने, ठळक. दुसरं कार्ड परत केलं.

माझं मत फिरलं ते कराडच्या एसटी स्टँडजवळ. महिन्याची दोन तारीख, लग्नाला निघालो होतो, आहेराला आणि वाटखर्चाला दहा हजार काढायचे होते. मशीनमध्ये नोटा मोजल्याची खरखर ऐकू आली, पण शटर हललंच नाही. मग पडद्यावर ‘क्षमस्व’. पावती नाही, मेसेज नाही. मी पलीकडच्या मशीनमधून दहा हजार काढले आणि गाडीत बसलो. उंब्रजच्या पुढे मोबाइल दोनदा वाजला. दहा हजार वजा, दहा हजार वजा.

तक्रार लगेच नोंदवली. नियम मला पाठ होता, त्यामुळे फारसा घाबरलोही नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक सांगतं की खात्यातून पैसे गेले आणि मशीनमधून आले नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत जमा करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पैसे पाचव्या दिवशी, म्हणजे सात तारखेला सकाळी आले. नियमाप्रमाणे सगळं चोख.

फक्त माझा हप्ता पाच तारखेला असतो.

खात्यात तीन हजार कमी पडले आणि हप्ता परत गेला. बँकेने परतीचा आकार लावला, कर्ज देणाऱ्यांनी त्यांचा वेगळा लावला, दोन्हीवर जीएसटी. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘सर, पैसे मुदतीत आलेत, त्यामुळे भरपाई बसत नाही.’ त्यांचंही चुकलं नव्हतं. पण मशीनमधल्या दहा हजारांचा आणि माझ्या घराच्या हप्त्याचा काय संबंध, हे मला त्या दिवशी कळेना. संबंध एवढाच होता की दोन्ही एका खात्यात होते.

आता पगारातून महिन्याच्या सुरुवातीला अठरा हजार छोट्या खात्यात जातात. रोजच्या खर्चाचं यूपीआयही त्यालाच जोडलंय. मागच्या वर्षी असंच एकदा पाच हजार अडकले तेव्हा चार दिवस भाजी जपून आणली, हप्त्याला धक्का नाही. आणखी एक न मागता मिळालेली सोय म्हणजे मुख्य खात्याचं पासबुक वाचता येतं. पूर्वी पगार शोधायला दहा-दहा रुपयांचे चहा चाळावे लागत.

याची कटकट नाही असं नाही. पैसे भरायला विसरलो की फजिती होते. साडीच्या दुकानात बिल झाल्यावर कार्ड नाकारलं गेलं, तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं ते अजून लक्षात आहे. दोन वर्षं आपण त्यात एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, पण रोजच्या खर्चाचं असेल तर ती वेळ येत नाही. आणि मिनिमम बॅलन्स दोनदा अडकवायचा नसेल तर बेसिक बचत खातं मागा. त्याला मिनिमम नाही, कार्डालाही वार्षिक आकार नाही. महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट असतं, पुढचं बँकेला विचारून घ्यावं. मात्र हे खातं असलं की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून बँक वेगळीच हवी.

हप्ता, विमा, एसआयपी असं काहीही ठरलेल्या तारखेला कापलं जात नसेल तर मी कदाचित दुसऱ्या खात्याच्या भानगडीत पडा असं सांगणार नाही. कापलं जात असेल तर निदान सहा महिने करून बघा.

मुख्य खात्याचं कार्ड मी परत केलेलं नाही. ते अॅपमधून बंद करून कपाटात, घराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलंय. मध्ये फोन बदलला आणि त्या खात्याचा यूपीआय पिन आठवेना, तेव्हा नवा पिन ठरवायला लागणारे कार्डाचे शेवटचे सहा आकडे बघायला काढलं होतं.