घरची पानं सर्वांत कसदार : गिरीश कार्नाडांचं ‘खेळता खेळता आयुष्य’

मूळ कन्नड आत्मचरित्र २०११चं, मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा. ‘उंबरठा’ (१९८२) किंवा ‘उत्सव’ (१९८४)च्या पडद्यामागचे किस्से मिळतील म्हणून घेणार असाल तर थांबा. यात आयुष्याचा पूर्वार्धच आहे, आणि पुढचा भाग लिहून होण्याआधी, १० जून २०१९ला, कार्नाड गेले.

प्रास्ताविक अजिबात गाळू नका. १९७३, धारवाडचं घर, जेवणाची वेळ. मुलाचं कौतुक चाललेलं असताना आई सहज बोलून जाते, की हा मुलगा नकोच, असं आमचं ठरत होतं. वडील अवघडतात. पुण्यात डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात ती गेली होती. डॉक्टर वेळेवर आल्या नाहीत, ती वाट बघून परतली. पुस्तक अर्पण केलंय ते याच डॉक्टरीणबाईंना!

आईवरचं प्रकरण मात्र सावकाश वाचावं. कृष्णाबाई मंकीकर बालवयातल्या मुलासह विधवा झालेल्या, नर्सिंग शिकणाऱ्या. डॉ. रघुनाथ कार्नाडांच्या अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या पत्नीची शुश्रूषा आणि स्वयंपाक त्या करत. विधवाविवाहाला असलेल्या विरोधापायी दोघांचं लग्न पाच वर्षं रखडलं. शेवटी आर्यसमाजी पद्धतीने, गाजावाजा न करता झालं. आईने उतारवयात लिहून ठेवलेल्या आठवणी हाताशी असल्याने इथे ऐकीव माहितीचा पातळपणा नाही. नात्यांचा गुंता होतो तो भालचंद्रपाशी : तो आईचा पहिल्या लग्नाचा मुलगा. त्यानंतरच्या चार भावंडांत गिरीश तिसरे, जन्म माथेरानचा, १९३८. एवढं डोक्यात ठेवलं की पुढे अडत नाही.

सुरुवातीची शाळा मराठी, घरात कोकणी, मग शिरसीत कन्नड नाटकमंडळ्या आणि धारवाड. हे सगळं ओघवतं आहे. ऑक्सफर्डला निघताना लिहायला घेतलेल्या ‘ययाती’ची (१९६१) हकिगत तर नाटक शेजारी उघडं ठेवूनच वाचावी. बापाचं म्हातारपण अंगावर घेणारा मुलगा त्यांना नेमका तेव्हाच का सुचला, ते घरच्या अपेक्षांचं ओझं कळल्यावर उमगतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या संचालकपदाची पानं मात्र तक्रारींनी जड झालीत. ती भराभर उलटली तरी चालतील.

नाटकं वाचलेल्यांनी विकतच घ्यावं. नुसतं सिनेमाचं कुतूहल असेल, तर ग्रंथालयातली प्रत पुरे.