उपकरणाच्या खिडकीसाठी सफायर घ्यावा की हिरा?

डिसेंबर १९७८ मध्ये शुक्राच्या वातावरणात उतरलेल्या पायोनियर व्हीनस मोहिमेच्या मोठ्या यानावर सफायर, म्हणजे कृत्रिम नीलम, आणि हिरा या दोहोंच्या खिडक्या होत्या. अवरक्त किरणमापकासमोर सुमारे १८ मिलिमीटर व्यासाची, साडेतेरा कॅरेटची नैसर्गिक हिऱ्याची चकती बसवावी लागली, पण त्याचे कारण कठीणपणा नव्हते. सफायर पाच-साडेपाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पुढे अपारदर्शक होत जातो, तर हिरा अतिनीलापासून दूरच्या अवरक्तापर्यंत पारदर्शक राहतो. अडीच ते साडेसहा मायक्रॉनच्या पट्ट्यात तेवढे त्याचे थोडे शोषण होते. म्हणून निवड करताना आधी तरंगलांबी पाहावी.

केवळ ओरखड्यांची धास्ती असेल, तर हिऱ्यावर खर्च करू नये. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस श्रेणीत ७ आहे आणि सफायरचा ९, त्यामुळे रोजची धूळ पुसताना सफायरवर चरा उमटत नाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र उत्तर परिस्थितीनुसार बदलते. तापलेल्या भट्टीत डोकावायचे असेल, तर सुमारे २०४० अंशांना वितळणारा सफायरच घ्यावा. तो मुळातच ऑक्साइड असल्याने हवेत टिकतो, उलट हिरा म्हणजे कार्बन, आणि हवेत सुमारे ७०० अंशांपुढे त्याचा पृष्ठभाग जळू लागतो. याउलट, प्रखर किरणे आरपार न्यायची असतील तेव्हा हिऱ्याला तोड नाही, कारण तो तांब्याच्या जवळपास पाचपट वेगाने उष्णता कडेकडे वाहून नेतो. आयटर या संलयन प्रकल्पासाठीच्या जायरोट्रॉनमधून, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीतून, सुमारे एक मेगावॅट सूक्ष्मलहरी कृत्रिम हिऱ्याच्या चकतीतून बाहेर पडतात, त्या याच गुणामुळे.

किमतीतला फरक घडणीतच आहे. सफायर वितळलेल्या ॲल्युमिनापासून (ॲल्युमिनियम ऑक्साइडपासून) मोठ्या ठोकळ्यांत वाढवता येतो. हिरा मिथेन व हायड्रोजनच्या प्लाझ्मातून थरावर थर साचतो, आणि ताशी पाच मायक्रॉन धरले तरी एक मिलिमीटरला २०० तास लागतात. शिवाय लेप न दिलेल्या हिऱ्याच्या दोन पृष्ठांवर मिळून सुमारे २९ टक्के प्रकाश परावर्तित होतो, सफायरवर सुमारे १४ टक्के.

सफायर मागवताना, ध्रुवित प्रकाशासाठी वापर असेल, तर स्फटिकाचा मुख्य अक्ष पृष्ठाला लंब राहील असा काप सांगावा, नाहीतर दुहेरी अपवर्तन, म्हणजे एका किरणाचे दोन होणे, आडवे येते. दोन्ही पदार्थ ठिसूळ आहेत, हेही विसरू नये: कडेचा कोन घासून घ्यावा आणि धातूची कडी थेट चकतीवर आवळू नये.