कोटलिन दीड वर्ष वापरलं, ऑप्शनल पॅरामीटरसाठी तरी घ्याच

आयटी पार्कात काम करतो मी, नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या बिलाचं) ॲप बनवून राहिलो आम्ही. आधी सगळं जावा या प्रोग्रामिंग भाषेत होतं, मग कोटलिन ही भाषा घेतली. आता पट्टीत माल, वजन, भाव हे लागतेच, पण हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल हे कधी असते कधी नसते, आणि जावात मेथडच्या (कोडाच्या एका तुकड्याच्या) पॅरामीटरला, म्हणजे तिला पाठवायच्या किमतीला, डिफॉल्ट (न पाठवल्यास आपोआप घ्यायची किंमत) देताच येत नाही, म्हणून ओव्हरलोड लिहा, म्हणजे त्याच नावाच्या वेगवेगळ्या पॅरामीटरच्या मेथड. एक फक्त हमालीवाला, एक हमाली-तोलाईवाला, अन् मग फक्त उचलवाला पाहिजे तर तो बनतच नाही, काऊन तर हमालीही डबल (दशांशाच्या आकड्याचा प्रकार) आणि उचलही डबल, कंपायलरला दोन्ही मेथड सारख्याच दिसते.

मग एकच मोठी मेथड ठेवली आणि नसेल तिथं शून्य. तिथंच फसलो. एका जागी गाडीभाडं आणि उचल उलटसुलट गेलं. दोन्ही वजाच होते, त्यामुळे पट्टीची शेवटची रक्कम बरोबर, कोणाला काही कळलं नाही, आणि तिकडे शेतकऱ्याच्या उचलीचं खातं महिनाभर चुकत गेलं. लय वाईट वाटलं राजेहो, तो माणूस तर आपल्या भरवशावर सही करून गेला होता.

कोटलिनमध्ये उचल = ५००० असं नाव घेऊनच पाठवता येते, बाकीचं डिफॉल्ट घेते. मागचा पॅरामीटर वापरून पुढच्याचं डिफॉल्टही काढता येते, म्हणजे हमाली = वजन गुणिले दर, हे मला सगळ्यात आवडलं. सी शार्प भाषेत २०१० पासून ऑप्शनल पॅरामीटर आहे पण तिथं डिफॉल्ट कंपाइलच्या वेळीच ठरलेलं लागते आणि ते बोलावणाऱ्याच्या कोडात छापल्या जाते, लायब्ररीत बदललं तरी बोलावणारा पुन्हा कंपाइल होईपर्यंत जुनंच चालते. कोटलिनमध्ये ते फंक्शनच्याच बाजूला राहते.

आणखी एक, तोलाई शून्य आणि तोलाई अजून भरलीच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आम्ही डबल पुढं प्रश्नचिन्ह लावून डिफॉल्ट नल (म्हणजे किंमतच नाही) ठेवला, आता नल तपासल्याशिवाय कंपायलर वजाबाकी करूच देत नाही. जावा ८ मधलं ‘ऑप्शनल’ नावाचं वेष्टण पॅरामीटरमध्ये घालून पाहिलं होतं आम्ही, पण ते मुळात मेथडनं परत द्यायच्या किमतीसाठी आहे, बोलावणाऱ्याला दरवेळी गुंडाळून द्यावं लागते आणि वरून ते ऑप्शनलच नल येऊ शकते.

कमी काय आहे तेही सांगतो. जुन्या जावा कोडातून बोलावलं तर डिफॉल्ट दिसत नाही, फंक्शनवर जेव्हीएम ओव्हरलोड्स ही खूण लावावी लागते, ती जावासाठी ओव्हरलोड बनवून देते, आणि तेही शेवटून एकेक पॅरामीटर गाळत जाते, म्हणजे फक्त उचलवाला तिथं अजूनही नाही. जावाच्या मेथडला नावानं पॅरामीटर पाठवताही येत नाही. नावाची सक्ती नाही हीसुद्धा मोठी उणीव, टीममधला कोणी नाव न लिहिता नुसते आकडे टाकले तर जुनीच चूक पुन्हा होऊ शकते, म्हणून रिव्ह्यूत मी असा कोड परत पाठवतो.

५ पैकी ४ देतो. ज्याचा अर्धा कोड जावात राहणार आहे त्यानं पट्टीसारख्या मेथड पहिले हलवाव्या.